फर्मच्या कर्जावरची नवी गाडी सारखी बिघडते? कागदापासून सुरुवात करा

फर्मच्या नावावर कर्ज काढून घेतलेली आमची डिझेल गाडी तिसऱ्याच महिन्यात खंबाटकी घाट चढताना बसायला लागली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग चाळिशीच्या पुढे जाईना, आणि मागे ट्रकांची रांग. सात वेळा वर्कशॉपला दिली, सात वेळा "आता ओके आहे" म्हणून परत मिळाली. पहिल्या चार वेळांचा कामाचा एकही कागद माझ्या हातात नव्हता. तुमचं तसं होऊ नये, म्हणून काय करायचं ते क्रमानं सांगतो.

पहिलं काम जॉब कार्डाचं, म्हणजे गाडी देताना वर्कशॉप तुमची तक्रार ज्यावर नोंदवतं त्या कागदाचं. पुढचं सगळं त्यावर उभं राहतं, म्हणून इथे घाई करू नका. तुम्ही दहा मिनिटं त्रास सांगता आणि सर्व्हिस ॲडव्हायझर संगणकात "जनरल चेकअप" एवढंच टाकतो. सही करण्याआधी ते बदलून घ्या. कसं लिहावं? "३,८४० किमी. घाट चढताना, एसी चालू असताना गाडी ओढत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो, बंद करून चालू केली की दिवा जातो." असं लिहिलं की पुढच्या वेळी "ही वेगळी तक्रार आहे" म्हणायला जागा उरत नाही. स्कॅनर लावला की त्यावर दिसणारा बिघाडाचा कोड पुसण्याआधी त्याची प्रिंट मागा, निदान मोबाइलवर फोटो काढा. गाडी परत घेताना काय तपासलं, कोणता पार्ट बदलला, टेस्ट ड्राइव्ह किती किलोमीटर घेतली, हे लेखी घ्या. "बिघाड आढळला नाही" हे वाक्यसुद्धा लेखी हवं. समाधानाच्या फॉर्मवर सही करावीच लागली, तर वर लिहा, "गाडी ताब्यात घेतली, दोष गेल्याची खात्री झालेली नाही."

बिघाड अधूनमधून येत असेल तर शेजारी बसलेल्याला व्हिडिओ काढायला सांगा. किलोमीटरचा आकडा आणि दिवा एकाच चौकटीत दिसले पाहिजेत. गाडी चालवता चालवता स्वतः मोबाइल हातात घेऊ नका.

डिझेल गाडीवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर आला. ही काजळी जळून जायला इंजिन काही वेळ सलग, चांगल्या वेगात चालावं लागतं. रोज दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या तर फिल्टर तुंबतो आणि गाडीची ताकद जाते. म्हणून वर्कशॉपचं ठरलेलं उत्तर असतं, "तुमची चालवण्याची पद्धत चुकते." कधी कधी ते खरंही असतं. तेव्हा वाद घालू नका. गाडीच्या पुस्तिकेत दिलंय तशी हायवेला चालवा, तारीख आणि टोलची पावती जपून ठेवा. त्यानंतरही दिवा लागला तर ते उत्तर टिकत नाही.

एकच दोष तिसऱ्यांदा आला की शोरूमच्या पायऱ्या झिजवणं थांबवा आणि थेट उत्पादक कंपनीला ईमेल करा. इतक्या दुरुस्त्यांनंतर गाडी बदलून द्यावीच असा आकडा आपल्या कायद्यात नाही. तीन ही मी घातलेली मर्यादा आहे. चासी नंबर, खरेदीची तारीख, प्रत्येक भेटीची तारीख व किलोमीटर, तुमची मागणी आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत, एवढं पुरे. ब्रेक, स्टिअरिंग किंवा चालत्या गाडीत इंजिन बंद पडणं असा धोकादायक दोष असेल तर गाडी उभी करा आणि तसं कळवा. अशा दोषांसाठी सात वर्षांपर्यंतच्या गाड्या परत बोलावण्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. तुमच्या मॉडेलचा रिकॉल निघाला आहे का, हेही बघून घ्या.

आता हप्ता. रागाच्या भरात सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा येतं ते हेच, की गाडी चालत नाही तर ईएमआय का भरू? भरा. बँकेनं शोरूमला पैसे दिले, तिचा तुमच्याशी करार वेगळा आहे. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, आणि मग फर्मच्या कॅश क्रेडिटच्या (धंद्यासाठीच्या खेळत्या कर्जाच्या) नूतनीकरणाच्या वेळी त्याची झळ बसते. प्रोप्रायटर, म्हणजे फर्मचे एकटे मालक, असाल तर तुमचा स्वतःचा सिबिल स्कोअरही जातो. त्याऐवजी बँकेला गाडीच्या दोषाबद्दल पत्र द्या. आरसीवर बँकेचा बोजा आहे, गाडी तिचंही तारण आहे. कंपनीनं पैसे परत करायचं कबूल केलं तर आधी कर्जखातं बंद होणार, मग एनओसी आणि फॉर्म ३५ नं बोजा उतरणार. ही सगळी साखळी तडजोडीच्या कागदात लिहून घ्या. भरलेलं व्याजही नुकसानभरपाईत मागा.

गाडी फर्मच्या नावावर असल्यानं खरी अडचण पुढे येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) प्रमाणे व्यापारी हेतूनं वस्तू घेणारा 'ग्राहक' नसतो, म्हणजे त्याला ग्राहक आयोगात दाद मागता येत नाही. पण पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू या व्यापारी हेतूत मोडत नाही, म्हणजे स्वतःची टॅक्सी स्वतः चालवणारा ग्राहकच. आणि नुसतं फर्मचं नाव असल्यानं दार बंद होत नाही. कंपनीनं संचालकाच्या वापरासाठी घेतलेल्या मोटारीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये ग्राहक म्हणूनच दाद दिली. बघितलं जातं ते हे, की गाडीचा मुख्य वापर कशासाठी आणि त्याचा नफा कमावण्याशी थेट संबंध आहे का. गाडी धंद्यासाठीच आहे हे ठसवायला समोरचा वकील तुमच्या ताळेबंदात गाडीवर लावलेला घसारा दाखवणारच, म्हणून सीएंशी आधी बोला. गाडी कोण चालवतं, कुठे जाते, याची नोंद ठेवा आणि खरं तेच सांगा.

भाड्यानं देण्यासाठी पाच गाड्या घेतल्या असतील तर ग्राहक आयोगात अडकून राहू नका. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. व्यापारी वाद ३ लाख रुपयांपासून पुढे व्यापारी न्यायालयात जातो, आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे.

ग्राहक आयोगाची वाट असेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही वेळा तेवढ्यानंही कंपनी हलते. नाही हलली तर, ५० लाखांपर्यंत किंमत असेल तर जिल्हा आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत. १० ते २० लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये आहे आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून करता येतो. शोरूम आणि उत्पादक, दोघांनाही पक्षकार करा, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवून दोघे सुटतात.

तज्ज्ञाचा अहवाल नसल्यानं चांगल्या तक्रारी पडतात. कलम ३८ प्रमाणे आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो. तसा अर्ज सुनावणीच्या पहिल्याच तारखांना द्या, कारण वर्ष उलटून गाडी ४०,००० किमी पळाली की "दोष असता तर इतकी चालली कशी?" हा प्रश्न येतो.

मागणी उतरत्या क्रमानं लिहा. आधी पैसे परत किंवा नवी गाडी. ते नाही तर दोषी भाग पूर्ण बदलून, त्यावर वाढीव वॉरंटी आणि भरपाई. पार्ट बदलून काम भागत असेल तर अख्खी गाडी बदलायला लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये म्हटलं आहे. त्यामुळे फक्त नवी गाडीच मागणाऱ्याच्या हाती काहीच न येण्याची भीती असते.

आमच्या गाडीसाठी आठव्या वेळी कंपनीचा इंजिनिअर आला. फिल्टरचा दाब मोजणारा सेन्सर आणि त्याची वायरिंग बदलली, तसं जॉब कार्डावर लिहिलं. लगेच "फुल अँड फायनल" तडजोडीचा कागद पुढे आला. मी तो पंधरा दिवस खिशात ठेवला. खंबाटकी चार वेळा चढलो, एसी लावून, पाच माणसं बसवून. दिवा लागला नाही, तेव्हा त्या भागावर दोन वर्षांची जास्तीची वॉरंटी लिहून घेतली आणि मगच सही केली.