ॲमस्टरडॅममध्ये पळायला जाताय? या चुका टाळा

परदेशात गेलं की पहिल्याच सकाळी बूट चढवून बाहेर पडायचं, हे आता आपल्या धावणाऱ्या मंडळींत रूढ झालंय. चांगलंच आहे. पण ॲमस्टरडॅमला जाणारे त्याच त्या चुका करतात, आणि आधी सांगितलं तरी ऐकत नाहीत.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे लाल पट्टीवरून पळणं. फुटपाथ विटांचा, अरुंद, त्यावर सायकली लावलेल्या. शेजारी लालसर डांबराची गुळगुळीत वाट मोकळी दिसते आणि पाय आपोआप तिकडे वळतात. ती सायकलींची आहे. ऑफिसला निघालेली माणसं, पुढच्या खोक्यात मुलं बसवलेले आईबाप भरधाव येतात, आणि मागून चाहूलही लागत नाही. त्यात तिथली वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. आपण सवयीने आधी उजवीकडे बघतो, सायकल येते डावीकडून. मी पट्टीशी चक्क थांबतो, आधी डावीकडे, मग उजवीकडे बघतो. पेस बिघडला तर बिघडू दे. इअरफोन मी तिथे घालतच नाही.

दुसरी चूक कालव्यांची. "कालव्याच्या कडेने सरळ जायचं नि परत यायचं, नकाशा कशाला?" आमच्या ग्रुपमधला एक जण असंच म्हणून डिसेंबरात वेस्टरकेर्क या चर्चजवळच्या हॉटेलातून प्रिन्सेनग्राख्त कालव्याच्या कडेने दक्षिणेला निघाला. हे मोठे कालवे जुन्या शहराभोवती घोड्याच्या नालासारखे वळलेत. वळण इतकं सावकाश की पळताना जाणवत नाही. दक्षिणेला निघालेला माणूस अम्स्टेल नदीपाशी पोचतो तेव्हा त्याचं तोंड पूर्वेला असतं. याला वाटलं, आता नदीकाठाने उत्तरेला गेलं की हॉटेल आलंच. पोचला भलतीकडे, सेंट्रल स्टेशनच्या बाजूला. थंडीत फोन बंद पडला. हॉटेलचं नाव म्हणून हॉटेलांच्या साखळीचं नाव तेवढं आठवत होतं, आणि त्या नावाची हॉटेलं शहरात अनेक. आम्ही शोधायला निघणार तेवढ्यात आला. घामाने भिजलेला टी-शर्ट, ओठ निळे, चहाचा कप हातात धरवेना.

नवख्यांची ही घाई मला अजिबात पटत नाही. पाच मिनिटं नकाशा बघा, तो फोनमध्ये उतरवून ठेवा. वाटेत घरांचे नंबर वाचा: या कालव्यांवर ते उत्तरेच्या ब्राउवर्सग्राख्त कालव्याकडून सुरू होतात आणि अम्स्टेलकडे वाढत जातात. वेस्टरकेर्कशेजारचं ॲन फ्रँकचं घर 263, नदीजवळ आकडा हजारावर जातो. म्हणजे आपण कुठे आहोत ते भिंतीवरच लिहिलेलं असतं. माझ्या खिशात हॉटेलचं कार्ड असतं आणि बँकेचंही, कारण ट्राममध्ये तेच टेकवून बसता येतं. फोन आतल्या खिशात, अंगालगत.

डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो. पुण्याच्या सवयीने सहाला निघू नका. कालव्यांना बहुतेक ठिकाणी कठडा नसतो, ओल्या पानांवरून पाय सटकतो. विमानातून उतरल्या दिवशी लाँग रन नको. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम आहे.

आणि पहिल्या दिवशी फाँडेलपार्कलाच जा. फोटोंसाठी कालवेच हवेत म्हणणाऱ्यांना ते मिळमिळीत वाटतं, पण तीन किलोमीटरहून थोडी मोठी फेरी, मोटारी नाहीत, हरवायची भीती नाही. सायकली तिथेही असतात, तेवढं कडेने पळा.