पुण्यातल्या घरात भूकंपाची तयारी कशी करावी

भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर सरकत हिमालयाला रेटा देत असला, तरी त्या सीमेपासून दूर असलेला महाराष्ट्रही ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपाने हादरला आहे.

तयारीची सुरुवात झोपण्याच्या खोलीपासून करावी, कारण किल्लारीत अनंत चतुर्दशीची रात्र सरताना, पहाटे चारच्या सुमारास, जड दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली, आणि हे मला कधीही विसरता येत नाही. उशाजवळचे लोखंडी कपाट पट्ट्या व स्क्रूने भिंतीला जखडावे. माळ्यावरची, केवळ सत्यनारायणाला उतरणारी पितळी पातेली खाली आणावीत.

हादरे बसू लागताच भक्कम टेबलाखाली बसून, डोके झाकून, टेबलाचा पाय घट्ट धरावा. ते थांबल्यावर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून, लिफ्ट टाळून, जिन्याने मोकळ्या मैदानात जावे.

पेठांतल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी मात्र भिंतींना फुगवटा आला आहे का, तुळयांची भिंतीत रुतलेली टोके कुजली आहेत का, हे स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्यावे आणि दुरुस्ती पावसाळ्यापूर्वीच उरकावी.