धर्मांची तुलना शिकणाऱ्यांनो, आधी तो तक्ता फाडा

धर्मांचा तुलनात्मक अभ्यास सुरू केला की थोड्याच दिवसांत प्रत्येकाकडे वचनांचा तक्ता तयार होतो. एका रकान्यात हिंसा, दुसऱ्यात शांती. हा तक्ता अभ्यासाचा घात करतो. त्यातून सुटायला मला फार झगडावं लागलं, म्हणून त्याबद्दल जरा जास्तच सांगतो.

कुराणातली 9:5 ही आयत, म्हणजे नवव्या अध्यायातलं पाचवं वचन, घ्या. मुश्रिकांना (अल्लासोबत इतरांचीही उपासना करणाऱ्यांना) गाठा, ठार करा, एवढंच सगळीकडे फिरतं. आधीच्या 9:4 मध्ये, ज्यांनी करार मोडला नाही त्यांच्याशी तो मुदतीपर्यंत पाळा, असं आहे. पुढच्या 9:6 मध्ये, आश्रय मागणाऱ्या मुश्रिकाला आश्रय द्या, सुरक्षित जागी पोचवा, असं. पण संदर्भ दाखवून मोकळे होणारेही अर्धंच वाचतात. काही जुन्या भाष्यकारांच्या मते 9:5 याच आयतीने सलोख्याच्या अनेक आयती रद्द झाल्या; इतरांनी ते मानलं नाही. म्हणजे वचन, त्यावरचं भाष्य आणि त्याच्या नावाने झालेली कृती, हे तीन थर. तुलना थराची त्याच थराशी करा. आपला ग्रंथ आणि दुसऱ्याचा इतिहास शेजारी ठेवलात तर निकाल आधीच ठरलेला असतो.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ 20:16 मध्ये कनान देशातल्या राष्ट्रांच्या नगरांत कुणालाही जिवंत ठेवू नका, असा आदेश आहे. बाराव्या शतकात ज्यू धर्मपंडित मायमोनिडीजने म्हटलं, त्या राष्ट्रांचा आता मागमूसही उरलेला नाही. आदेश राहिला, लागू होणं संपलं. गीतेचंही तसंच. टिळकांच्या ‘गीतारहस्या’त (1915) आततायीविरुद्ध शस्त्र उचलणं कर्तव्यात बसतं, गांधींना कुरुक्षेत्र माणसाच्या मनात दिसलं. श्लोक तेच. आणि बौद्ध धर्म म्हणजे केवळ अहिंसा, असं लिहिणाऱ्याने 2017 मधलं म्यानमार, तिथल्या रोहिंग्या मुसलमानांवरचे अत्याचार, वाचावं.

धर्मांतराच्या प्रश्नात सत्ता कुणाच्या हातात होती, हे आधी विचारा. गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत, मधला थोडा खंड सोडला तर, इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, होतं. त्याची नजर मुख्यतः जुने रीतिरिवाज पाळल्याचा संशय असलेल्या नवख्रिस्तींवर होती. बाबासाहेबांनी 1935 मध्ये येवल्याला घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा घेतली. तिथे दडपलेली माणसं स्वतःहून बाहेर पडली. दोन्ही घटना एकाच रकान्यात घालणारा निबंध मी तरी वाचत नाही.

ग्रंथाचं स्थानही सारखं नसतं. शिखांना गुरू ग्रंथ साहिब हा गुरूच, मुसलमानांना कुराण हे अल्लाचे शब्द. येशूचं जीवन सांगणारी बायबलमधली शुभवर्तमानं मात्र लूक, योहान अशा माणसांच्या नावाने ओळखली जातात.

वादविवादांचे व्हिडिओ बघून हा विषय येत नाही, येणारही नाही. मार्गदर्शक असा शोधा जो तुमच्याच परंपरेतलं अवघड पान तुमच्यासमोर ठेवेल. नुसती शाबासकी देणारा काही कामाचा नाही.

घरचे विचारतील, ‘आपल्या धर्मात खोट काढायला शिकतोस का?’ झोप उडेल. ते होणारच, घाबरू नका. श्रद्धा सोडावी लागत नाही. मनापासून पूजा करणारे, नमाज पढणारे उत्तम अभ्यासक मी पाहिलेत.

सुरुवात स्वतःच्या परंपरेतल्या, मोठ्याने वाचायला जड जाणाऱ्या एका उताऱ्यापासून करा. त्यावरची एकमेकांना छेद देणारी दोन भाष्यं पूर्ण वाचा, मग दुसऱ्या धर्माचा ग्रंथ उघडा.