नेब्रास्काला जाण्याआधी काय वाचायचं आणि कुठे अडकायचं नाही

मुलगा ओमाहाला किंवा मुलगी लिंकनला असते म्हणून जाणारे, नाहीतर शिकागोहून डेन्व्हरला गाडीने निघालेले, अशा सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, मध्ये नेब्रास्का लागतं तिथे बघण्यासारखं काय आहे? आणि तिकडून परत आलेले बहुतेक जण सांगतात की काही नाही, नुसता मका. आय-८० हायवेने साडेचारशे मैल एका दमात तुडवले की मकाच दिसणार ना! या राज्यात उंच पर्वत नाहीत, समुद्र नाही, जे आहे ते बरंचसं सपाट आणि हळू आहे, आणि ते बघायला डोळा तयार लागतो. तो डोळा पुस्तकांनी तयार होतो, दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही. पण त्यासाठी पंचवीस पुस्तकांच्या याद्या फिरतात त्या बाजूला ठेवा. तीन-चार पुस्तकं पुरतात, फक्त ती बरोबर क्रमाने आणि बरोबर जागेशी जोडून वाचायची.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. 'लिटल हाउस'ची मालिका नेब्रास्काची तयारी म्हणून वाचू नका. ती पुस्तकं चांगली आहेत, पण त्यातली घरं विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा आणि डकोटात आहेत. प्रेअरी, म्हणजे तिकडचं गवताळ माळरान, म्हटलं की सगळं एकच असं समजून जो तो हेच नाव सुचवतो आणि माझं डोकं फिरतं. कोकणात जाणाऱ्याला विदर्भातली कादंबरी देऊन पाठवल्यासारखं आहे हे.

आधी रूट, मग पुस्तक

नकाशा उघडा आणि तुम्ही नक्की कुठून जाणार ते बघा. दक्षिणेला कॅन्ससच्या हद्दीजवळ रेड क्लाउड गाव, तिथे लेखिका विला कॅथर. उत्तर-पश्चिमेला सँडहिल्स आणि नायोब्रारा नदी, तिथे लेखिका मारी सँडोझ. ईशान्येला ओमाहा या मूळ रहिवासी लोकांचं रिझर्वेशन, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेली जमीन. मधून प्लॅट नदी. पश्चिमेकडे जाल तसा पाऊस कमी होत जातो आणि शेती संपून गुरं सुरू होतात, पुस्तकंही तशीच बदलतात. जिथे जाणार नाही तिथलं पुस्तक वेळ कमी असेल तर सोडा, काही बिघडत नाही.

सुरुवात 'माय अँटोनिया'ने

विला कॅथरचं १९१८ चं पुस्तक. काही लोक सांगतात की आधी १९१३ चं 'ओ पायोनियर्स!' वाचा कारण ते आधी आलं. ऐकू नका. 'माय अँटोनिया'त जिम नावाचा दहा वर्षांचा पोरका मुलगा व्हर्जिनियाहून ट्रेनने येतो, रात्री बैलगाडीसारख्या साध्या घोडागाडीत गवतावर पडून आजोबांच्या शेताकडे निघतो, आणि त्याला कुंपण नाही, झाड नाही, दिवा नाही, काहीच दिसत नाही. तुम्हीही तिथे नवखेच असणार आहात, म्हणून त्याच्या नजरेने आत शिरणं सोपं जातं. कॅथर स्वतः १८८३ मध्ये नऊ वर्षांची असताना व्हर्जिनियाहूनच तिकडे आली होती, त्यामुळे ते पहिलं बिचकणं तिने कल्पनेतून काढलेलं नाही.

एक प्रसंग मुद्दाम सावकाश वाचा. बोहेमियाहून, म्हणजे आताच्या चेक देशातून आलेलं शिमर्दा कुटुंब, म्हणजे अँटोनियाच्या घरचे, जमिनीत खोदलेल्या घरात कसाबसा हिवाळा काढत असतात. जिमची आजी त्यांना खायला घेऊन जाते तेव्हा शिमर्दाबाई मोठ्या मानाने एका पिशवीतलं काहीतरी तिला बांधून देते. वजनाला पिसासारखे हलके, मुळाच्या सालीसारखे दिसणारे तपकिरी तुकडे, आणि मातीचा उग्र वास. घरी आल्यावर आजीला कळत नाही हे मांस आहे की मूळ आहे, ती सगळं चुलीत टाकते. जिम एक तुकडा चावून बघतो. त्याला कित्येक वर्षांनी कळतं की ते वाळवलेले मश्रूम होते, बोहेमियाच्या जंगलातून एवढ्या लांब जपून आणलेले. परदेशी मुलीकडे बॅगेत गोडा मसाला दाबून नेणाऱ्या आपल्या आयांना या पानावर थांबावंच लागेल.

पुढे शिमर्दाबाबांचा जो शेवट होतो तो जड आहे, आत्महत्या आहे, मन हळवं असेल तर माहीत असू द्या. पण ते सोडू नका, कारण त्यांना पुढे चौक होणार त्या जागी पुरतात आणि नंतर रस्ते त्या थडग्याला जरा वळसा घालून जातात, आसपासचं सगळं गवत नांगरलं गेलं तरी तिथलं उंच लाल गवत उरतं. हे वाचून मग रेड क्लाउडच्या दक्षिणेला कॅथरच्या नावाने राखलेली प्रेअरी बघा, सहाशे एकरांहून जास्त, कधीच न नांगरलेली. न वाचता जाल तर पाच मिनिटांत गाडीत येऊन बसाल.

पुस्तक कॉपीराइटमधून सुटलंय, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, लिब्रिव्हॉक्सवर ऑडिओ आहे. पुस्तकातलं ब्लॅक हॉक गाव म्हणजे रेड क्लाउडच.

सगळ्यात अवघड टप्पा: 'ओल्ड ज्यूल्स'

इथे मी स्वतः बरीच रखडले होते आणि मी ज्यांना ज्यांना हे पुस्तक दिलं त्यातले निम्मे पन्नासाव्या पानाआधी गळाले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मारी सँडोझने १९३५ मध्ये आपल्या बापाचं चरित्र लिहिलं. ज्यूल्स सँडोझ हा स्वित्झर्लंडहून आलेला, शिकलेला, तापट, हट्टी, घाण राहणारा माणूस, १८८४ मध्ये नायोब्राराच्या काठी आला आणि तिथे वस्ती उभी करायच्या वेडाने झपाटला. लोक हे पुस्तक कादंबरी समजून उघडतात आणि नायक शोधत बसतात, तिथेच फसतात. हा माणूस आवडावा म्हणून लिहिलेलाच नाही. तो बायकांना मारतो, एकामागून एक चार लग्नं करतो, मुलांना राबवतो, आणि त्याच वेळी उजाड जमिनीत फळबागा लावतो, नवीन आलेल्यांना जमिनी शोधून देतो, गुरांच्या मोठमोठ्या मालकांशी बंदूक घेऊन भांडतो. मारहाणीची वर्णनं उघडी आहेत. ज्यांना ते वाचवत नाही त्यांनी हे पुस्तक खरंच घेऊ नये, जबरदस्ती कसली. मूळच्या लोकांबद्दल तेव्हाची बोलायची भाषाही तशीच्या तशी आहे.

तर हे कसं वाचायचं. पहिलं म्हणजे प्रस्तावना वगळू नका, मी एरवी प्रस्तावनांच्या बाजूची नाही पण ही वाचाच. बापाला लेखक आणि कलाकार म्हणजे समाजातले किडे वाटायचे, हे त्याने तिला पत्रात कळवलंही होतं, आणि शेवटच्या आजारपणात त्याच बापाने तिला आपली कहाणी लिहायला सांगितलं. हे डोक्यात ठेवलं की पुढचं प्रत्येक पान वेगळं वाजतं. आपल्यावर हात उचलणाऱ्या बापाला ती माफही करत नाही आणि छोटाही करत नाही. एवढा तोल मी फार थोड्या पुस्तकांत पाहिलाय.

दुसरं, नकाशा शेजारी. गॉर्डन, रशव्हिल, हे स्प्रिंग्ज, फोर्ट रॉबिन्सन आणि नायोब्रारा, एवढं पेनाने खूण करून ठेवा. माणसांची नावं ढीगभर येतात, येतात आणि जातात, त्यातली बहुतेक लक्षात ठेवायची गरज नाही. चार बायकांची नावं मात्र क्रमाने एका कागदावर लिहा, एस्टेल, हेन्रिएट, एमिलिया, मेरी. शेवटची मेरी म्हणजे लेखिकेची आई. एवढा कागद केला की अर्धा गोंधळ मिटतो.

तिसरं, जमिनीचा कायदा समजून घ्या, नाहीतर ही माणसं एवढी का भांडतायत तेच कळत नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळायचे, पूर्वेकडे त्यात घर चालायचं. पण सँडहिल्स म्हणजे गवताने बांधून ठेवलेले वाळूचे डोंगर आहेत, वरचं गवत नांगरलं की खालची वाळू वाऱ्यावर निघते, तिथे १६० एकरात काय होणार. म्हणून १९०४ मध्ये किंकेड कायदा आला आणि ६४० एकर मिळायला लागले. गुरांचे मालक तोवर ही सगळी जमीन आपलीच समजून कुंपणं घालून बसले होते. पुस्तकाची मधली सगळी धुमश्चक्री यातून येते, हे दोन आकडे लक्षात ठेवले की कंटाळा येत नाही.

आणि विहिरीचा प्रसंग येईपर्यंत पुस्तक खाली ठेवायचं नाही, हा माझा नियम. ज्यूल्स विहीर खोदत असतो, वर ओढताना सोबती चेष्टा करतात, दोर तुटतो आणि तो तळाशी पडून घोट्याचा चुरा होतो. त्याला फोर्ट रॉबिन्सनला नेतात, तिथला लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड, हाच पुढे पिवळ्या तापाच्या संशोधनाने जगभर माहीत झाला. ज्यूल्स पाय कापू देत नाही. जन्मभर लंगडतो पण पाय राहतो. इथवर आलात की पुढे तुम्हाला ढकलावं लागणार नाही. उत्तरार्धात मारी नावाची एक मुलगी येते, तिच्याबद्दल 'ती' असं लिहिलंय, ती लेखिका स्वतः आहे हे विसरू नका.

एका बैठकीत संपवायच्या भानगडीत पडू नका, रोज थोडं. आणि ऐन प्रवासात तर अजिबात सुरू करू नका, निघायच्या महिनाभर आधी हातात घ्या. मारीचं थडगं गॉर्डनच्या दक्षिणेला, हायवे २७ च्या बाजूला, टेकडीच्या उतारावर आहे.

दुसरी बाजू वाचल्याशिवाय निघू नका

वरच्या दोन्ही पुस्तकांत जमीन बऱ्यापैकी रिकामी वाटते. ती रिकामी नव्हती. पॉनी, ओमाहा, पोंका, ओटो, लाकोटा, एवढे लोक तिथे होते. त्यासाठी जो स्टारिटा यांची दोन पुस्तकं घ्या, दोन्ही पत्रकाराने लिहिलेली म्हणून सरळ आणि वाचायला सोपी. 'आय अ‍ॅम अ मॅन' हे पोंकांचे प्रमुख स्टँडिंग बेअर यांच्यावर. सरकारने पोंकांना आताच्या ओक्लाहोमाकडे हाकललं, तिथे त्यांचा मुलगा गेला, आणि त्याची हाडं नायोब्राराकाठी पुरायला १८७९ च्या जानेवारीत ते थंडीत पायी निघाले. त्यांना अटक झाली. ओमाहातल्या खटल्यात त्याच वर्षी न्यायाधीशांनी निकाल दिला की इंडियन माणूस कायद्याच्या नजरेत माणूसच आहे. हे कोर्टात सिद्ध करावं लागलं होतं! आज वॉशिंग्टनच्या कॅपिटलमध्ये नेब्रास्कातर्फे जे दोन पुतळे आहेत ते स्टँडिंग बेअर आणि विला कॅथर यांचे आहेत.

दुसरं 'अ वॉरियर ऑफ द पीपल', डॉ. सुझन ला फ्लेश पिकॉटवर, आणि मराठी वाचकाने हे चुकवू नये. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, त्याच कॉलेजात त्याच वर्षी ओमाहा रिझर्वेशनमधली सुझन दाखल झाली. १८८९ मध्ये ती डॉक्टर झाली, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमधली पहिली स्त्री डॉक्टर. आनंदीबाईंना प्रॅक्टिस करायला आयुष्यच मिळालं नाही, सुझन मात्र आपल्या लोकांत परत गेली, घोडागाडीने मैलोनमैल फिरून पेशंट बघितले आणि १९१३ मध्ये वॉल्टहिलला हॉस्पिटल उभं केलं. ईशान्येकडे जाणार असाल तर वॉल्टहिल गाठाच.

लाकोटांचे साधुपुरुष ब्लॅक एल्क यांच्यावरच्या 'ब्लॅक एल्क स्पीक्स'बद्दल सगळे विचारतात. वाचा, पण ते शब्दशः ब्लॅक एल्कचं बोलणं समजू नका. ते लाकोटात बोलले, त्यांच्या मुलाने इंग्रजी केलं, जॉन नायहार्ट या कवीच्या मुलीने लघुलिपीत उतरवलं आणि नायहार्टने त्यातून १९३२ चं पुस्तक घडवलं. शेवटचा तो प्रसिद्ध, स्वप्न संपल्याचा भाग नायहार्टच्या लेखणीचा आहे, आणि ब्लॅक एल्क पुढे कितीतरी वर्षं कॅथलिक धर्मशिक्षक होते हे पुस्तकात येतच नाही. मूळ मुलाखती रेमंड डीमॅली यांनी १९८४ मध्ये 'द सिक्स्थ ग्रँडफादर' म्हणून छापल्यात, ज्यांना खोलात जायचंय त्यांनी ते शेजारी ठेवावं.

उरलेलं पटकन

मार्चमध्ये जाणार असाल तर प्लॅट नदीवर लाखो सँडहिल क्रेन, म्हणजे क्रौंच पक्षी, उतरतात, त्यासाठी पॉल जॉन्सगार्ड यांचं 'क्रेन म्युझिक' वाचा. झोपायच्या आधी दोन पानं वाचायची सवय असेल तर टेड कूसर यांचं 'लोकल वंडर्स'.

सगळी पुस्तकं फोनवर आधीच डाउनलोड करून ठेवा, सँडहिल्समध्ये लांबच लांब पट्ट्यात नेटवर्क नसतं, आणि पेट्रोल दिसेल तिथे भरून घ्या. रेड क्लाउडला कॅथर सेंटरमध्ये पुस्तकांचं दुकान आहे, कागदी प्रत हवी असेल तर तिथूनच घ्या, आणि त्यांच्या टूरच्या वेळा निघायच्या आधी फोन करून विचारून ठेवा.