गेम अडखळतोय? आधी रॅमच्या पट्ट्या मोजा

भाच्याच्या लॅपटॉपवर गेम अडखळायचा. विश्रामबागेत घरात सगळ्यांचं एकच: डेस्कटॉप घे, मोठं ग्राफिक्स कार्ड टाक! आरटीएक्स ४०९० या कार्डाला स्वतःची २४ जीबी मेमरी असते. लॅपटॉपचं अंगचं ग्राफिक्स (वेगळं कार्ड नसलेलं) मात्र मेमरी रॅममधूनच उसनी घेतं, म्हणून रॅमचा वेग महत्त्वाचा.

१. विंडोजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा.
२. ‘स्लॉट्स यूज्ड’ (रॅमच्या किती खाचा भरल्यात) पुढे ‘२ पैकी १’ असेल तर तशीच दुसरी पट्टी बसवा. डीडीआर४-३२०० या प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी वाहते, दोन मिळून ५१.२.

४०९० ची सर नाहीच (तिथं १००८!), पण भाच्याचं भागलं.

पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डावरच सोल्डर केलेली असते. दुकानदाराला आधी मागचं झाकण उघडून रिकामी खाच आहे का बघायला सांगा, पैसे नंतर.