मालिकांत काम शोधायला मुंबईत येताय? या चुका टाळा

ओळख नसतानाही मालिकेत काम मिळतं. रोज दिसणाऱ्या मालिकेला छोट्या-मोठ्या भूमिकांसाठी वर्षभर नवे चेहरे लागतच असतात. बाहेरून आलेली गुणी मुलं अडकतात ती बऱ्याचदा अभिनयाच्या अलीकडेच, ऑडिशनच्या व्हिडिओत आणि पैशांच्या हिशोबात.

आधी व्हिडिओ. पहिली फेरी हल्ली बहुतेक मोबाइलवरच होते. वेगळं सांगितलं नसेल तर फोन आडवा धरा, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि फ्रेम छातीपासून वर ठेवा. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो, म्हणून उजेड समोरून घ्या. पंखा बंद करा. समोरचे संवाद वाचणारा माणूस लेन्सच्या अगदी बाजूला उभा करा आणि त्याला हळू आवाजात वाचायला सांगा. तो मोबाइलच्या जवळ असतो, त्यामुळे त्याचाच आवाज मोठा येतो आणि तुमचा मागे पडतो. थेट लेन्समध्ये बघायचं ते फक्त इंट्रोत: नाव, वय, उंची, राहता कुठे, मग चेहऱ्याची डावी-उजवी बाजू. फिल्टर आणि पार्श्वसंगीत नको. तुमचा चेहरा आणि आवाज जसा आहे तसाच त्यांना पाहायचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ टाकला की तो दाबला जाऊन धूसर होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि फाइलला नाव-वय-उंची असं नाव द्या. निकाल लागेपर्यंत केस कापू नका, दाढीही आहे तशीच ठेवा.

बोली पुसून टाकणं ही आणखी एक चूक, आणि ती बघून खरंच वाईट वाटतं. प्रमाण मराठी स्वच्छ हवीच, पण मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी सहज येत असेल तर प्रोफाइलमध्ये ठळक लिहा. गावाकडच्या कथानकात तीच बोली तुम्हाला आत नेते.

ऑडिशनसाठी पैसे भरू नका. रजिस्ट्रेशन फी, ‘आर्टिस्ट कार्ड’, ठरावीक स्टुडिओतूनच पोर्टफोलिओ काढण्याची अट, यातलं काहीही निघालं की तिथून उठा. काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन मिळालेल्या मानधनातून जातं, कामाआधी नाही. ‘सिंटा’चं, म्हणजे सिने-टीव्ही कलाकारांच्या संघटनेचं, सदस्यत्व हवं असेल तर थेट संघटनेकडेच अर्ज करा.

सेटवर पोचल्यावर नवखे बहुतेक कंटिन्युइटीत, म्हणजे एका शॉटमधली हालचाल दुसऱ्यात तशीच ठेवण्यात, चुकतात. समजा अख्खा सीन दिसणाऱ्या मास्टर शॉटमध्ये ‘आई’ म्हणताना तुम्ही उजव्या हाताने चहाचा कप उचललात. जवळून घेतलेल्या क्लोज-अपमध्येही त्याच शब्दावर, त्याच हाताने उचलायला हवा. नाहीतर एडिटला दोन्ही शॉट जुळत नाहीत आणि सगळ्यांना पुन्हा टेक द्यावा लागतो. शिवाय सीनची पानं कधीकधी शूटच्या थोडंच आधी हातात पडतात. पंधरा मिनिटांत एक पान पाठ करायचा सराव घरीच करून ठेवा.

आता पैसे. टीव्हीत मानधन साधारण ९० दिवसांनी येतं. जूनमध्ये केलेल्या कामाचा चेक सप्टेंबरच्या शेवटाकडे हातात पडतो, त्यातही उशीर होतो. म्हणून भूमिका मिळाली की नोकरी सोडली, भाड्याचं घर घेतलं, असं करू नका. काम सुरू झाल्यावरही किमान चार महिन्यांचं भाडं, जेवण आणि प्रवास निघेल एवढी रक्कम बाजूला हवी. खोली घेताना एक लक्षात घ्या. ऑडिशन अंधेरीच्या आरामनगरात असली तरी सेट गोरेगावच्या फिल्मसिटीत, मढला किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडला असू शकतो.

करार वाचताना नुसता पर-डे, म्हणजे दिवसाच्या मानधनाचा, आकडा बघू नका. महिन्याला किमान किती दिवस मिळणार, शिफ्ट १२ तासांचीच ना, प्रवासखर्च कोणाचा, मालिका सुरू असताना दुसरीकडे काम करता येईल का आणि सोडायचं झाल्यास नोटीस किती, हे लेखी घ्या. पर-डे चांगला असूनही महिन्यात चारच दिवस बोलावलं, तर मुंबईत भागत नाही. मानधनातून सहसा १० टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का, ते आयकर खात्याच्या पोर्टलवर तपासा आणि रिटर्न भरा. उत्पन्न करपात्र नसेल तर ती रक्कम परत मिळते.