सीमा सुरक्षा यंत्रणेच्या मनुष्यबळाचा कायदा: वाचताना आणि लिहिताना या चुका टाळा

अमेरिकेच्या सीमेवर किती माणसे नेमायची, हा प्रश्न तेथील काँग्रेसपुढे, म्हणजे संसदेपुढे, दर काही वर्षांनी येतो आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर एका गोल आकड्यात दिले जाते. २००४ च्या गुप्तवार्ता सुधारणा कायद्याने २००६ ते २०१० या पाच आर्थिक वर्षांत बॉर्डर पेट्रोल या सीमेवर गस्त घालणाऱ्या दलाचे दरवर्षी किमान २,००० एजंट वाढवण्यास मान्यता दिली. जानेवारी २०१७ च्या अध्यक्षीय आदेशाने आणखी ५,००० एजंट भरण्यास सांगितले. या विषयावर टिपणे किंवा विधेयकांचे मसुदे लिहिणाऱ्यांच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे: आकडा आधी ठरतो आणि कामाची मोजणी नंतर, झालीच तर, होते.

आकड्यालाच गरज समजणे

ही चूक सर्वांत महागात पडते. २०११ नंतर काही वर्षे काँग्रेसने खर्चाच्या वार्षिक कायद्यांतच अट घातली होती, की बॉर्डर पेट्रोलमध्ये किमान २१,३७० एजंट असलेच पाहिजेत. ही किमान मर्यादा कागदावर टिकली, सीमेवर टिकली नाही. २०१७ च्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस प्रत्यक्ष संख्या १९,४३७ होती. त्याच वर्षी गृहसुरक्षा विभागाच्या कारभाराची स्वतंत्र तपासणी करणाऱ्या महानिरीक्षकांनी नव्या भरतीच्या आव्हानांवर जो विशेष अहवाल दिला, त्यात स्पष्ट नोंदवले, की वाढीव मनुष्यबळाची गरज आणि त्याची नेमणूक कोठे करायची याला आधार देणारी पूर्ण आकडेवारी संबंधित यंत्रणांना देता आली नाही. मोजणीशिवाय आलेला आकडा कमी पडला तरी नेमका किती कमी पडला हे सांगता येत नाही, आणि जास्त झाला तरी तो कोणाच्या लक्षात येत नाही.

गरज कशी काढतात, हे एका जागेचे गणित मांडून पाहिले की कळते. वर्षभर, चोवीस तास, एकच माणूस उभा असावा अशी एक जागा धरा. वर्षाचे तास ८,७६०. अमेरिकी संघराज्य सरकारच्या पूर्णवेळ कर्मचाऱ्याचे वर्षाचे तास साधारण २,०८०; त्यांतून रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि न्यायालयातील साक्षी यांचे, उदाहरणादाखल, ३८० तास वजा केले, तर हाती १,७०० उरतात. म्हणजे त्या एका जागेसाठी पाचहून थोडी अधिक माणसे लागतात. आता यात कायद्याचा एक धागा ओढून पाहा. २०१४ च्या वेतन सुधारणा कायद्याने बॉर्डर पेट्रोल एजंटाला दर दोन आठवड्यांत १०० तासांचे वेळापत्रक स्वीकारल्यास मूळ वेतनाच्या २५ टक्के अधिक वेतन देऊ केले. तसे वेळापत्रक धरले तर वर्षाचे तास २,६०० होतात, तेवढीच वजावट केल्यावर २,२२० उरतात आणि त्याच जागेला चारच माणसे पुरतात. काम तेच, जागा तीच. वेतनाचा नियम बदलला आणि गरजेचा आकडा एक पंचमांशाहून अधिक खाली आला. मनुष्यबळाचे कलम वाचताना वेतनाचे कलम बाजूला ठेवणारा अभ्यासक म्हणूनच हमखास फसतो.

सीबीपीच्या, म्हणजे बॉर्डर पेट्रोल जिचा भाग आहे त्या सीमाशुल्क व सीमा संरक्षण यंत्रणेच्या, प्रवेश नाक्यांवरील विभागाकडे यासाठी कार्यभारावर आधारित प्रारूप आहे. किती वाहने, किती प्रवासी आणि किती माल येतो, प्रत्येकाच्या तपासणीला किती वेळ लागतो, यावरून ते अधिकाऱ्यांची संख्या काढते. बॉर्डर पेट्रोलसाठी असे प्रारूप बांधणे अधिक कठीण आहे, कारण नाक्यावर येणारी गाडी मोजता येते, पण न पकडलेला माणूस मोजता येत नाही. ही अडचण खरी आहे. मात्र तिच्या आडोशाला गोल आकडा लपवणे योग्य नाही. मसुद्यात आकडा लिहायचाच असेल, तर तो कोणत्या प्रारूपातून आला, त्यातील गृहीतके कोणी तपासली आणि ती किती वर्षांनी पुन्हा तपासायची, हे त्याच कलमात यावे.

मान्यता, तरतूद आणि हजेरी यांची सरमिसळ

मंजूर पदे, भरलेली पदे आणि कामावर हजर असलेली माणसे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सरकारी आकृतिबंध एकदाही पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. तरीही कायद्याच्या बातमीत 'इतके एजंट वाढणार' असे सरळ छापले जाते. २००४ च्या कायद्याने वर्षाला २,००० एजंटांची मान्यता दिली खरी, पण २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारने पैसे मागितले ते केवळ २१० नव्या एजंटांसाठी. मान्यता देणारे कलम आणि पैसा देणारा विनियोजन कायदा नेहमी शेजारी ठेवून वाचावेत.

भरतीची नळी न पाहणे

पैसा आला, मान्यता आली, तरी माणसे येत नाहीत, असे लक्षण दिसले की भरतीची प्रक्रिया तपासावी. २०१० च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्याने सीबीपीतील कायदा-अंमलबजावणीच्या पदांसाठीच्या उमेदवारांना पॉलिग्राफ, म्हणजे खोटे पकडण्याची, चाचणी सक्तीची केली आणि पुढील काळात सुमारे दोन-तृतीयांश उमेदवार तीत अडकत असल्याचे समोर आले. महानिरीक्षकांच्या २०१७ च्या अंदाजानुसार ५,००० एजंट मिळवायला साडेसात लाख अर्ज लागले असते. दुसरीकडे गळती चालूच होती: २०१३ नंतरच्या काही वर्षांत बॉर्डर पेट्रोल वर्षाला सरासरी ५२३ जणांना घेत होते आणि ९०४ जणांना गमावत होते. हौदाला वरून धार आणि खाली भोक असताना धारेचीच चर्चा करण्यात अर्थ नसतो. २०१७ मध्ये सीबीपीत ७,५०० जणांच्या भरतीसाठी एका खासगी सल्लागार कंपनीला २९.७ कोटी डॉलरचे कंत्राट देण्यात आले. वर्षभराने १ कोटी ३६ लाख डॉलर खर्च झाले होते आणि नोकरीचा प्रस्ताव स्वीकारलेल्या दोनच उमेदवारांची प्रक्रिया पूर्ण झाली होती.

यावरचा उपाय मसुद्यातच करता येतो. गॅरी पीटर्स आणि जॉन कॉर्निन या सिनेटरांनी २०१९ मध्ये सिनेटमध्ये मांडलेल्या विधेयकात दरवर्षी गळती भरून काढून त्यावर प्रवेश नाक्यांसाठी किमान ६०० नवे अधिकारी घ्यावेत आणि कार्यभार प्रारूपाने दाखवलेली गरज पूर्ण होईपर्यंत ते चालू ठेवावे, अशी रचना होती. 'गळती वजा जाता' हे तीन शब्द ज्या मसुद्यात नाहीत, त्यातील वाढ किती खरी, याबद्दल मी तरी आधीच साशंक असतो.

सगळ्यांना एकाच तागडीत घालणे

प्रवेश नाक्यावरचा अधिकारी आणि दोन नाक्यांच्या मधल्या सीमेवर फिरणारा एजंट यांची भरती, कामे आणि प्रारूपे वेगळी आहेत. एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर लिहू नये. प्रदेशाचेही तसेच आहे. २००१ मध्ये कॅनडाच्या सीमेवर सुमारे ३४० एजंट होते, म्हणून त्या वर्षीच्या पॅट्रियट या दहशतवादविरोधी कायद्याने तेथील संख्या तिप्पट करण्यास मान्यता दिली आणि २००४ च्या कायद्याने नव्या एजंटांपैकी किमान २० टक्के उत्तरेला पाठवावेत असे लिहिले. अशी वाटणी लिहिली नाही, तर सगळे मनुष्यबळ मेक्सिकोच्या सीमेकडे वाहत जाते.

साहाय्यक कर्मचारी तर बहुतेक मसुद्यांत दिसतच नाहीत. ताब्यात घेतलेल्यांचे कागद भरण्यात एजंटांचे तास जात होते, म्हणून बॉर्डर पेट्रोलने वेगळे प्रक्रिया समन्वयक नेमायला सुरुवात केली. एक लिपिक नेमून एक एजंट मैदानात परत मिळतो, हा हिशेब 'एजंट किती' एवढेच विचारणाऱ्या कायद्यात बसत नाही. जुलै २०२५ च्या मोठ्या खर्च कायद्याने नवी भरती आणि प्रशिक्षण यांसाठी ४१० कोटी डॉलर दिले, त्यांत साहाय्यक कर्मचारीही धरले, पण प्रक्रिया समन्वयकांच्या भरतीला ३१ ऑक्टोबर २०२८ नंतर हा पैसा वापरण्यास मनाई केली. पैसा वापरण्याची मुदतही ३० सप्टेंबर २०२९ पर्यंतच आहे. त्यानंतर या भरतीतून आलेल्यांचे पगार वार्षिक तरतुदीतूनच काढावे लागतील, आणि तेव्हा गरजेचे प्रारूप तयार नसेल, तर त्या तरतुदीसाठी पुन्हा एक गोल आकडाच लिहिला जाईल.